मातीचं ताट

जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे म्हणी आणि वाक्प्रचार डोक्यातून जात नाहीत. परवा रिकामा बसलो असताना सहज मोजू लागलो, कुंभाराच्या आव्यातून निघालेले वाक्प्रचार आपल्या भाषेत किती. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अननुभवी माणूस म्हणजे कच्चं मडकं. आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा तर फोडायला खापर. पापाचा घडा भरतो तो वेगळाच. घागर, रांजण, माठ, गाडगं, बोळकं, सुगड, पणती... नुसती नावं घेतली तरी अंगण भरेल.

पण मोजता मोजता एका ठिकाणी अडकलो. या यादीत ताट नाही. वाटी नाही. पेला नाही. पाणी साठवायला माती, दही लावायला माती, दिवा लावायला माती. आणि जेवायला मात्र पितळ, कासं, पुढे स्टील. आता मडक्याचा गळा वळवणं हे ताटली करण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ज्याला मडकं येतं त्याला ताट का येऊ नये? मग आपल्या कुंभारानं ताट का नाही केलं?

हा प्रश्न पडायला एक निमित्त झालं होतं. फुलसावंगीच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी नोकरीसाठी दोन वर्षं जपानमध्ये होती. परत आल्यावर भेटायला आली आणि कागदाच्या चार घड्यांतून एक मातीचा वाडगा काढून माझ्या हातात ठेवला. "सर, चहासाठी आहे. पण शोकेसमध्ये ठेवू नका हं, रोज वापरा. वापरला तरच चांगला होतो."

वापरला तरच चांगला होतो! वस्तू वापरून जुनी होते, खराब होते, हे आपल्याला माहीत. वापरून चांगलं होणारं भांडं मी पहिल्यांदाच ऐकलं.

हा वाडगा ज्या गावचा, त्या गावाचं नाव हागी. हसू नका. वर्गात हे नाव घेतलं असतं तर पुढचा तास वाया गेला असता! पण जपानी चहाच्या वाडग्यांच्या जगात हे नाव फार मोठं आहे. तिथे चहावाल्या रसिकांची एक जुनी क्रमवारी आहे: पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा करात्सु. वाडगा दिसायला अगदी साधा. रंग पिकल्या पेरूच्या गरासारखा, वर दुधाळ झिलई, म्हणजे काचेसारखा लेप. आणि त्या झिलईला केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. मला वाटलं प्रवासात तडकला. पण नाही, त्या भेगा असायलाच हव्यात. भट्टीतून निघून थंड होताना माती आणि झिलई सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत, म्हणून झिलईला बारीक चिरा पडतात. वर्षानुवर्षं चहा ओतला की तो त्या चिरांतून आत झिरपतो आणि वाडग्याचा रंग हळूहळू बदलत जातो. जपानी लोक याला हागीची सात रूपांतरं म्हणतात. डाग पडला असं म्हणत नाहीत. भांडं पिकलं, असं मानतात.

मग मी नाद घेतला आणि जपानी मातीकामाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं थोडं इथे सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

जपानी भांडी त्यांच्या गावांच्या नावानं ओळखली जातात, आपल्याकडे पैठणी किंवा कोल्हापुरी म्हणतात तशी. बिझेन, शिगाराकी, सेतो, हागी, आरिता. प्रत्येक गावाची माती वेगळी, भट्टी वेगळी, आणि सजवण्याची रीतही वेगळी. बिझेनच्या भांड्यांना झिलई देतच नाहीत. आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, भट्टीत पाइनचं लाकूड जळत राहतं आणि उडणारी राखच भांड्यावर बसून वितळते. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा गुंडाळतात. पेंढा जळून जातो आणि त्याच्या जागी लालसर रेघा उमटतात. मुद्दाम काढलेली नक्षी नव्हे ती, पेंढ्याची आठवण आहे. हाकेमे नावाच्या रीतीत पांढऱ्या मातीचा पातळ काला जाड कुंच्यानं एका झटक्यात फिरवतात. आपल्या बायका सारवताना हात फिरवतात ना, अगदी तसे फराटे दिसतात, आणि ते मिटवायचे नसतात. मिशिमा रीतीत ओल्या भांड्यावर बारीक ठसे मारून त्या खाचांत पांढरी माती भरतात आणि वरचं पुसून घेतात, की रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नक्षी आत बसलेली राहते. आरिताच्या पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर निळ्या रंगानं चित्रं काढून वर झिलई देतात. राकू तर चाकावर घडवतच नाहीत, हातानं वळतात आणि तापलेला लालबुंद वाडगा चिमट्यानं भट्टीबाहेर काढतात.

हे सगळं मूळचं जपानचं आहे असंही नाही. बरंचसं कोरियातून आलं, आणि सुखासुखी आलेलं नाही. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीनं कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा जपानी सरदारांनी तिथले कुंभार अक्षरशः उचलून आणले. हागीची भट्टी अशाच आणलेल्या कोरियन भावांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोरी सरदारांसाठी लावली. आरिताला चिनी माती सापडली तीही परंपरेप्रमाणे १६१६ मध्ये, एका कोरियन कुंभाराला. लुटीच्या मालात सोनं-नाणं असतं हे इतिहासात शिकवलं होतं. कुंभारही लुटून नेण्याइतका मोलाचा असतो, हे शिकवायचं राहिलं.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या कुंभाराची कला कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. काळी माती सुकताना भेगाळते, म्हणून त्यासाठी नदी-नाल्याची पोयट्याची माती शोधायची, चाळायची, राख किंवा लीद मिसळून तुडवायची. काठीनं चाक फिरवायचं, गोळ्यातून मडकं उठवायचं, दोऱ्यानं कापायचं. मग अर्धवट सुकल्यावर आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं थापटत थापटत त्याची भिंत पातळ करायची. हेच ते थापटणं, जे गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर मारून कोणतं मडकं कच्चं ते पाहिलं अशी कथा आहे. शेवटी कावेचा लाल हात देऊन आव्यात भाजायचं. ज्यानं हे कधी पाहिलं असेल त्याला कळेल की रांजणाचं पोट सारख्या जाडीचं राखणं ही काय चीज आहे.

आणि एके काळी आपली माणसं मातीच्या वाडग्यातच जेवत होती! पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली आणि त्या घरांत लाल रंगाची, काळ्या रेघांनी चितारलेली भांडी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती आधी सापडली म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. इसवी सनापूर्वी साधारण १४०० ते ७०० हा त्यांचा काळ. वाडगे आहेत, तोटीची भांडी आहेत. पातळ आणि चांगली भाजलेली, टिचकी मारली तर खणकन वाजतील अशी. आपल्या विदर्भातही नागपूरजवळ माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत वाडगे मिळाले, आतून काळे आणि बाहेरून लाल. भांडं पालथं घालून भाजलं की आत हवा पोचत नाही, म्हणून आतला भाग काळा राहतो. दोन रंग, आणि एक थेंबही रंग न लावता! बिझेनच्या पेंढ्यापेक्षा ही युक्ती काय कमी आहे?

म्हणजे हात होता, माती होती, युक्ती होती, आणि वाडगाही होता. मग तो गेला कुठे?

एक उत्तर भट्टीचं आहे. गावचा आवा म्हणजे गोवऱ्या, काड्या, पालापाचोळा. त्यात ७०० ते ९०० अंशांपर्यंत ऊब मिळते. तेवढ्यात माती पक्की होते पण तिची छिद्रं बुजत नाहीत. म्हणूनच माठातलं पाणी गार होतं. जपानमध्ये पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियातून बंदिस्त, चढावरच्या भट्ट्या आल्या. त्यांत ऊब १२०० अंशांच्या वर जाते, माती दगडासारखी होते आणि पाणी पीत नाही. आपल्या मातीला आणि आपल्या सरपणाला ते झेपलं नसतं, हे खरं.

पण एवढ्यानं माझं समाधान होईना. कारण हागीचा वाडगाही पाणी पितो. त्याची मातीही सच्छिद्रच आहे, आणि त्याचं सगळं कौतुक त्या शोषून घेण्याचंच आहे. म्हणजे गुण एकच. तिथे त्याला पिकणं म्हणतात. आपण काय म्हणतो?

आपण विटाळ म्हणतो.

मातीचं भांडं उष्टं शोषून घेतं, मग ते शुद्ध कसं करणार? तांब्या-पितळेला राख-चिंच लावली की झालं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियमच आहेत. धातू घासून शुद्ध होतो, मातीचं भांडं पुन्हा भाजावं लागतं. आता रोज जेवण झाल्यावर ताट पुन्हा आव्यात घालणार कोण? त्यापेक्षा फेकणं सोपं. सुतक आलं की घरातली मडकी बाहेर काढायची, हे माझ्या लहानपणी सगळीकडे होतं. म्हणून आपल्या कुंभाराचा माल नेहमी एकदाच वापरायचा. संक्रांतीला सुगडं, अक्षय तृतीयेला पितरांची घागर, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, लग्नाला मडकी, आणि सरणाभोवती फिरवायला शेवटचं मडकं. जन्मापासून मरणापर्यंत कुंभार आपल्या बरोबर असतो. पण त्याची वस्तू आपल्या घरी मुक्कामाला राहत नाही. जी वस्तू राहणारच नाही, तिच्यावर कोण कशाला नक्षी काढेल?

गरिबाघरी मात्र मातीचं परळ जेवायला असायचं. धातू परवडत नव्हता म्हणून. आणि काहींच्या बाबतीत ते नुसतं परवडण्याचं नव्हतं. त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात गावाबाहेर ठेवलेल्या माणसांनी फुटक्या भांड्यांतून जेवावं, असा नियमच आहे. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात महाडला हे पुस्तक का जाळलं, हे मुलांना समजावताना मी या एका ओळीचा आशय सांगत असे. वर्गात मग काही सांगावं लागत नसे.

आणि एक माणूस आठवतो, ज्यानं हाच फुटका तुकडा स्वतः होऊन हातात घेतला. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी. अंगावर चिंध्या, हातात गाडगं. त्यातच जेवायचं, आणि तेच कधी डोक्यावर घालायचं. लोकांनी नावच गाडगेबाबा ठेवलं. मातीच्या भांड्यात जेवणारा म्हणून ओळखला जाणारा हा बहुधा एकच मोठा मराठी माणूस. ते साधं दारिद्र्य नव्हतं. लोक ज्याला हीन समजतात त्यातच मी जेवतो, आता काय म्हणता, असा तो प्रश्न होता.

मग चिनी माती आली. लोणच्याची बरणी निमूटपणे घरात शिरली, कारण बरणीला कुणी तोंड लावत नाही. कपबशीला मात्र लोकांनी फार दिवस दारात उभं केलं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेला चहा प्रसिद्ध आहे. रानडे, टिळक आणि पुण्यातली इतर बरीच मंडळी तिथे गेली होती. पुढे चहा झाला. कुणी प्याले, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) यांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा! देशाचं राजकारण करणाऱ्या माणसांची ही अवस्था, तर खेड्यात काय असेल?

खेड्यातलं मी सांगतो. १९६० च्या आसपासची गोष्ट. त्या काळात रस्त्याच्या कडेला कुडाचं हॉटेल असे. आत फळीवर कपबश्या मांडलेल्या. आणि बाहेर छपराच्या वळचणीला दोन-तीन कप खोचलेले, कान तुटलेले. माझा एक वर्गमित्र होता, माझ्याहून हुशार, गणितात तर फारच. आम्ही एकदा शाळेच्या कामासाठी बाहेरगावी गेलो असताना अशाच एका हॉटेलापाशी थांबलो. मला आत बसायला सांगितलं. त्याला कुणी काही सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच नव्हती. त्यानं आपला आपण वळचणीतून कप काढला, राखेनं घासला, मालकानं वरून चहा ओतला, त्यानं उभ्यानं पिऊन कप विसळून परत खोचला. माझ्या हातात कान असलेला कप, त्याच्या हातात कान नसलेला. चहा एकाच किटलीतला.

खरं तर तेव्हा कायदा होऊन पाच वर्षं झाली होती. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नाहीशी केली. पण वळचणीत खोचलेल्या कपासाठी वेगळं कलम लिहावं लागलं, भांड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. एखाद्या देशाच्या कायद्यात कपबशी येते, तेव्हा ती साधी कपबशी उरत नाही.

हे डोक्यात ठेवून मी जपानी लोकांच्या किंत्सुगीबद्दल वाचलं, तेव्हा फार वेळ पुस्तक मिटून बसलो. किन म्हणजे सोनं, त्सुगी म्हणजे सांधणं. वाडगा फुटला तर त्याचे तुकडे तिथल्या उरुशी झाडाच्या चिकानं जोडतात. तो वाळायला कित्येक आठवडे लागतात. मग सांध्यावर सोन्याची पूड बसवतात. फुटलेलं लपवत नाहीत, उलट सोन्यानं गिरवतात. असा वाडगा मग पाहुण्यापुढे मुद्दाम ठेवतात. फुटका कप त्यांच्याकडेही पाहुण्याला देतात आणि आपल्याकडेही देत होते. फरक देण्यात आहे.

आणखी एक. क्योतोच्या एका देवळात किझाएमोन नावाचा चहाचा वाडगा आहे, जपानचा राष्ट्रीय ठेवा. तो मुळात कोरियातल्या साध्या माणसाचा रोजच्या भाताचा वाडगा मानतात. यानागी नावाच्या विचारवंतानं १९३१ मध्ये तो प्रत्यक्ष पाहिला आणि त्यावर लिहिलं. नाव नसलेल्या कुंभारानं गरिबासाठी घाईत केलेली वस्तू हीच खरी सुंदर, हे त्याचं आयुष्यभराचं म्हणणं. अशा वस्तूंसाठी त्यानं १९३६ मध्ये टोकियोत संग्रहालयच उभं केलं. हागीच्या वाडग्याच्या बुडाला एक खाच असते, माझ्याही वाडग्याला आहे. तिची तिथे एक दंतकथा सांगतात. सरदारासाठी केलेली भांडी सामान्य माणसाला वापरता येत नसत, म्हणून कुंभार बुडाला मुद्दाम एक खाच पाडायचे. भांडं खोडीचं झालं, की ते लोकांना देता यायचं. खरं-खोटं कुंभार जाणे. पण वस्तू लोकांपर्यंत पोचावी म्हणून मोडणं, आणि माणूस लांब राहावा म्हणून मोडकी वस्तू देणं, यात केवढं अंतर आहे!

जपान म्हणजे सगळं सोनं, असंही नाही. तिथेही चामड्याचं, मढ्याचं काम करणाऱ्यांना शतकानुशतकं वेगळं ठेवलं होतं. १८७१ च्या फर्मानानं तो भेद कागदावर संपला, मनातून लवकर गेला नाही. शिमाझाकी तोसोनची १९०६ ची 'हाकाई' ही कादंबरी अशाच समाजातल्या एका शिक्षकावर आहे. तो आपली जात लपवून शाळेत शिकवत असतो. त्यामुळे जपान्यांच्या अंगी काही उपजत शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो की त्यांच्याकडे भांडं धुतलं की स्वच्छ होत होतं. घरात प्रत्येकाचा भाताचा वाडगा तिथेही वेगळा असतो, पण धुऊन सगळे एकाच फळीवर जातात.

गेल्या दिवाळीत तो माझा वर्गमित्र घरी आला. बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेला, नातवंडांत रमलेला. मी त्याला हागीच्या वाडग्यात चहा दिला. त्यानं तो दोन्ही हातांत धरून फिरवून पाहिला आणि आमच्या वऱ्हाडीत म्हणाला, "याचा कान कोठी गेला, गुरुजी?"

मी म्हटलं, "याले कान नसतेच. तिकडची रीत हाय."

तो हसला. दोघांनाही काय आठवलं ते दोघांनाही कळलं होतं. चहा संपवून त्यानं विचारलं, "मंग धुऊन परत फळीवरच ठेवशीन ना?"

"फळीवरच ठेवतो," मी म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही. बोलण्यासारखं काही राहिलंही नव्हतं.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं असं वाटतं. जेवायचं भांडं सुंदर व्हायला नुसता कुंभार पुरत नाही. दुसऱ्याचं उष्टं धुतलं की ते भांडं पुन्हा सगळ्यांचं होतं, असं मानणारं घर लागतं, गाव लागतं. आपल्याकडे ते गाव नव्हतं, म्हणून ताट झालं नाही. कुंभाराच्या हाताला त्याचा दोष लावू नये.

प्रयत्न करणारे होते, आहेत. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी माणसानं ग्रामोदय संघ उभा केला. गावच्या कुंभाराला चांगली भट्टी, झिलई आणि नव्या वस्तू शिकवाव्यात, म्हणजे त्याची पोरं चाक सोडणार नाहीत, असा तो विचार. सीमाभागात बेळगावजवळ खानापूरला खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मोठी प्रशिक्षण संस्था आहे. गांधीजींच्या माणसांना मातीकाम आणि अस्पृश्यता हे प्रश्न शेजारी शेजारी दिसले, यात नवल नाही.

आता तर महामार्गावर कुल्हडमधला चहा फॅशन झाली आहे. पोरं फोटो काढतात, पितात आणि कुल्हड फेकतात. कुंभाराला चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण ते फेकणं मला जुन्या ओळखीचं वाटतं. कुल्हड ही वस्तूच मुळात कुणाचं तोंड लागलेलं पुन्हा कुणाला लागू नये म्हणून जन्मली. आज तो सगळ्यांना सारखाच मिळतो, ही मात्र प्रगती.

यंदा उन्हाळ्यात मी आमच्या भागातल्या एका ओळखीच्या कुंभाराकडे गेलो आणि म्हटलं, चार ताटल्या करून दे. तो चाक थांबवून माझ्याकडे पाहतच राहिला. "ताटं? अन् मातीत जेवीन कोण, गुरुजी?" मी म्हटलं, मी जेवतो, बायको जेवते, पाहुणे आले तर पाहुणे. त्यानं केल्या. किंचित खोलगट, काठाला बोटानं एक लाट दिलेली. ती मी सांगितली नव्हती, त्यानं आपल्या मनानं दिली. पैसे घेताना म्हणाला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी जेवायला काही मागितलं.

व्यवहार सांगायचा तर त्या ताटल्या सोप्या नाहीत. आधी रात्रभर पाण्यात भिजवाव्या लागतात, घासायला राखच बरी, मग कडक उन्हात वाळवाव्या लागतात. पावसाळ्यात एकीला बुरशी धरली, ती उकळत्या पाण्यानं काढली. दुसरी मोरीत पडून फुटली. राहिल्या तीन. त्यांत रोजचं वरण जातं, आणि मधोमध हळदीचा एक पिवळट गोल उमटला आहे. घासून जात नाही. बायको आधी त्याला डाग म्हणायची.

आता नुसतं म्हणते, तुमची पिवळी ताटली घ्या.